हिरवा झालेला पांढरा कोट

४ मार्च

पांढरे कपडे घालून राबणाऱ्या, आणि ते पांढरे राहत नाहीत म्हणून बोलणी खाणाऱ्या समस्त भगिनींनो!

चि. चिमणी, दचकू नकोस. इस्पितळाच्या धुलाईघरात जन्म गेला आणि कामगारांच्या सभांत आवाज गेला. पत्रही सभेसारखंच सुरू होतं. अनेक आशीर्वाद.

वहिनीने कळवलं, की हॉटेलच्या स्वयंपाकघरात तुझे कोट पिवळे पडलेत आणि शेफने सगळ्यांदेखत तुझा आळस काढला. आळस! बाहुलीचेसुद्धा कपडे रोज धुणारी पोर तू! कशाने धुतेस, पाणी कुठलं, सगळं लिही. तोवर नवे उद्योग करू नकोस. तुझा हात शिवशिवतो, मला ठाऊक आहे.

माझा लोभ आहेच, तो धुतल्याने विटत नाही.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. हात शिवशिवून गेला होता.

आम्ही राहतो हॉटेलच्याच खोल्यांत. नळाला बोअरचं पाणी. बादली भरून ठेवली की तळाशी तांबूस गाळ. कोट पिवळे दिसले म्हणून ब्लीच घातलं. आणखी पिवळे झाले, म्हणून आणखी ब्लीच. शेवटी पिवळेपणा झाकायला मूठभर नीळ! पिवळ्यावर निळा चढला की काय होतं, हे शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकले होते. आठवलं मात्र कोट वाळल्यावर. भाजी चिरणारी मला आता पोपट म्हणते.

हसू नकोस. एक तारखेला गिऱ्हाइकांसमोरची शेगडी सुरू होतेय. तिथे माझं नाव आहे, पण कोट पांढराशुभ्र असेल तरच. नाहीतर पुन्हा मागे, कांदे सोलायला. त्या शेगडीसाठी किती हात भाजून घेतलेत, तुला माहीत आहे.

पोपटावरही लोभ असावा, ही विनंती.

चिमणी

१५ मार्च

चि. पोपट, अनेक आशीर्वाद.

हसले. इतकी हसले, की तुझ्या आतोबांनी पाण्याचा पेला आणून दिला.

आता ऐक. हा दोष पाण्यातल्या लोखंडाचा. ब्लीचने तो गंज कापडात पक्का बसतो. तू आगीत तेल ओतत होतीस. आधी कोट खळबळून ब्लीचचा वास पुरता घालव. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की विषारी वाफ होते. इथे थट्टा नाही. मग हॉटेलच्या स्वयंपाकघरात फिल्टर असेलच, त्याचं गाळलेलं पाणी कोमट करून त्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घाल आणि कोट दुपारभर भिजव. नीळही उतरेल. धुवायलाही तेच गाळलेलं पाणी घे आणि कोट उन्हात घाल.

कळव लवकर. जीव टांगणीला आहे.

आत्या

२३ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पांढरा! दोरीवर पाहवेना, इतका. शेफनी कॉलर उलटून पाहिली, काखा पाहिल्या आणि हुंकार दिला. ते याहून जास्त कौतुक करत नाहीत. शेगडी माझी!

एकच खुपतंय. बाकीच्या सगळ्याजणी अजून बोलणी खातात. त्यांना युक्ती सांगितली, पण इतक्या जणींना गाळलेलं पाणी कोण देणार? शेफचा कोट पाहुण्यांच्या चादरींबरोबर हॉटेलच्या धुलाईत जातो. आमच्या नळाचं पाणी त्यांनी पाहिलेलंच नाही. बोलू का? की आत्ताच शेगडी मिळालीय, तर तोंड मिटून राहू?

तू म्हणशील तसं. लोभ आहेच, सल्लाही असावा.

चिमणी

२७ मार्च

चि. चिमणी, अनेक उत्तम आशीर्वाद.

ऊर भरून आला. पण पोरी, शेगडी चारचौघांसमोर मिळाली ती काय तोंड मिटून उभं राहायला? एकटीचाच कोट पांढरा असला, तर उरलेल्या आळशीच ठरतात, आणि त्याला पुरावा म्हणून तुझ्याकडे बोट दाखवतील. भाषण करू नकोस; भाषणं मी पुष्कळ केली. पाणीच बोलेल.

आतोबांचा आशीर्वाद. आमची माया तुला ठाऊकच आहे.

आत्या

ता. क. एक तारखेला, शेगडी पेटवण्याआधी, तुमच्या नळाची बादली भर, सगळ्याजणींना बरोबर घे, ती शेफच्या पुढ्यात ठेव आणि आजपासून त्यांचा कोट याच पाण्यात धुवायला सांग!