तुम्ही मुलीच्या कोण?

सोलापूर,
शुक्रवार

प्रिय दाक्षायणी,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर हे बोलायला घेतलं की माझी गाडी भलतीकडेच वळते, मग मी रडते, मग तू वहिनीची समजूत काढत म्हणतेस अत्तिगे, नंतर बोलू, आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी लिहिते आणि उठते. मघाशी कुकर लावला तो शिट्टीशिवाय. सकाळी कारखान्यात तर आठ फ्रॉकचे खिसे डावीकडचे उजवीकडे लावून मोकळी झाले. मालकाने सगळ्यांसमोर उसवायला लावले. सात वर्षांत असं झालं नव्हतं. नशीब, दुपारी लाइट गेली आणि घरी सोडलं.

सगळा घोर पायलच्या शाळेचा. तुझ्या भाचीला जूनमध्ये पहिलीत घालायची, आणि मी डिसेंबरपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी शाळा बघत फिरतेय. घराजवळची शाळा म्हणजे दोन खोल्या, चार वर्ग आणि एकच बाई, त्याही निम्मा वेळ कसल्या ना कसल्या सर्व्हेला. हायवेकडच्या नव्या शाळेत गेटवर प्लास्टिकचा जिराफ उभा केलाय. आत एक पोरगी खुर्चीत बसवते, पाणी देते, आणि इतक्या गोड आवाजात डोनेशनचा आकडा सांगते की माणूस थँक्यू म्हणूनच बाहेर पडतो. मीपण म्हटलं की थँक्यू! आमचे हे, तुझे अण्णा, आठवडाभर मला विचारत होते, जिराफाला चारा घालून आलीस का म्हणून.

राहिली ती सिस्टर लोकांची कॉन्व्हेंट. त्या शाळेचे निळ्या चौकडीचे फ्रॉक आमच्याच कारखान्यात होतात, मापं मला पाठ आहेत. डोनेशन घेत नाहीत, फी पोट आवळून का होईना झेपेल अशी. आणि सकाळी गेटवर उभ्या राहून सिस्टर रिक्षावाल्याच्या पोरीला आणि डॉक्टरच्या पोरीला एकाच तोंडाने रागवतात, हे मला लई आवडलं. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, तिकडे घातलीस तर पोरगी घरात येशूची प्रार्थना म्हणत बसेल. म्हटलं, म्हणू दे की, आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग काही पळून जात नाही. पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. फॉर्म भरल्यापासून माझी झोप गेली ती गेलीच.

मार्चात मुलाखत झाली. तुझ्या अण्णांना यंत्रमागावरून सुट्टी मिळाली नाही. फॉर्मवर सही त्यांची आधीच झाली होती, म्हणून मी एकटीच पायलला घेऊन गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर केरळच्या. मराठी स्वच्छ बोलतात, पण पुस्तकातलं, आपल्या इकडचं नाही. पायलला एकटीलाच आत नेलं आणि मी बाहेर बाकावर पदराचं टोक पिळत बसले. वीस मिनिटांनी सिस्टर स्वतः बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही हिला फार मायेने सांभाळता, देव बघतो आहे. मला काही उमजेना. स्वतःच्या पोरीला सांभाळलं म्हणून कोण शाबासकी देतं? पण मोठ्या माणसासमोर मान हलवायची सवय, हलवली. माझं नाव कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

थांब, कुकर करपतोय वाटतं.

आले. भात खालून लागलाच. तर मागच्या सोमवारी यादी लागली. भिंतीपाशी ही गर्दी. तीनदा वाचली, पायलचं नाव नाही. मग बाजूला एक छोटा कागद दिसला, सवलतीच्या जागा, पाच नावं, त्यात तिसरं पायल शिवपुत्र. मी तिथेच हात जोडले. ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाला, या जागा आई किंवा वडील वारलेल्या मुलांच्या असतात, निम्मी फी माफ होते, पुढच्या सोमवारपर्यंत आईच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जमा करा. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

दाक्षायणी, सरळ सोपं उत्तर होतं. मागे वीस-पंचवीस माणसं उभी होती, त्याच्या हातात पायलचं नाव असलेला कागद होता, आणि मी म्हटलं, "घरचीच."

घरी येऊन पायलला मांडीवर घेतलं आणि हळूहळू काढून घेतलं. सिस्टरनी तिला विचारलं होतं, तुझी आई काय करते? ही म्हणाली, आई मेली, तिला मातीत बसवलं आणि वरून फुलं टाकली. मग सिस्टरनी विचारलं, बाहेर तुझ्याबरोबर कोण आलंय? ही म्हणाली, अव्वा. आता केरळच्या बाईला काय ठाऊक, की तुमच्या कन्नड घरात आजीला आई म्हणतात आणि आईला अव्वा! पोरगी खोटं एक अक्षर बोलली नाही. मला आधी हसू आलं. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

यापुढचं तुला कधीच सांगितलं नाही. माझं माहेर मोहोळचं. समाज आपला एकच, पण आमच्याकडे सगळं मराठी. मी जन्मभर जिला आई म्हटलं ती मला जन्म देणारी बाई. पायल बोलायला लागली आणि तिने पहिल्यांदा आई म्हटलं ते तुझ्या आईला, गंगम्मा अत्तींना. सगळे हसले, मीपण हसले. पण तो शब्द दिवसातून शंभरदा माझ्या कानावरून जायचा आणि एकदाही माझ्यासाठी नसायचा. सकाळी मी कामाला निघायचे तेव्हा पोरगी झोपलेली, संध्याकाळी यायचे तेव्हा अत्तींच्या मांडीवर पेंगत असलेली. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, ताप आला की रात्रभर उशाशी बसणं, सगळं त्यांचं. मी वरचेवर फ्रॉक शिवून आणायचे. दुसऱ्यांच्या पोरींचे उरलेले तुकडे जोडून.

या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पायल पाळण्यातून उतरली आणि माझा हात सोडून आई, आई करत अत्तींकडे पळाली. शेजारच्या एका बाईने मला कौतुकाने विचारलं, मावशी का तुम्ही? तिचं काय चुकलं? पण माझं डोकं फिरलं. घरी आल्यावर मी अत्तींना तोंडावर म्हटलं, तिला अज्जी म्हणायला शिकवा, आई मी आहे. दुसऱ्या दिवसापासून पायलने आई म्हणून हाक मारली की त्या ओ देईनात. भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि अज्जी अन्नू, अज्जी म्हण, एवढंच म्हणायच्या. पोरीला वाटलं आई रुसली. जेवेना, खेळेना, त्यांच्या पाठीला डोकं लावून बसून राहायची. चार दिवस हे बघितलं. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, राहू द्या अत्ती, माझं चुकलं. त्यांनी पायलला जवळ ओढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि वीस दिवसांत त्या गेल्याच.

तू आलीस आणि पायलला कवटाळून रडलीस, तेव्हा मी आत भांडी घासत होते. तुला वाटलं असेल, वहिनीला काहीच नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती गं.

बुधवारी तुझ्या अण्णांना शाळेतला घोळ सांगितला. आधी पोट धरधरून हसले. मग म्हणाले, आमच्या अव्वाचा दाखला आहे की दाक्षाकडे, पोस्टाच्या कामाला नेलेला. मी म्हटलं, अहो, त्यावर नाव गंगम्मा, नवरा संगप्पा, आणि पायलच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव पूनम. तर म्हणे, लग्नात नाव बदललं म्हणून सांगू, झेरॉक्स वाचतंय कोण, फायलीत लागली की झालं. त्यांना वाईट म्हणू नकोस. माग आता एकाच पाळीला चालतायत, आणि पोरीला त्या निळ्या फ्रॉकात बघायची हौस माझ्याइतकीच त्यांनाही आहे. आणि खरं सांगते, मी नाही म्हटलं नाही. कागदावरच तर मरायचंय, मी मनाशी म्हटलं. शाळेत सोडायला मावशी म्हणून जाऊ. जत्रेत एकीने ठरवलंच आहे मला मावशी.

काल सकाळी वेणी घालताना पायलला शिकवायला घेतलं. शाळेत गेलं की मला अव्वा म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. दोनदा तिच्याकडून म्हणून घेतलं. तिने म्हटलं. मग तिने मान वळवली, वेणी माझ्या हातातून सुटली, आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं,

"मग अव्वा पण मेली?"

रडली नाही. डब्यात काय आहे असं विचारावं, तितक्या साध्या आवाजात विचारलं. एकदा सोसलंय ना तिने, आता दुसऱ्यांदाची तयारी करत होती. मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, अव्वा, दुखतंय.

म्हणून हे पत्र. रविवारी सुट्टीच्या दिवशी तुझे अण्णा तुला फोन करतील आणि अव्वाच्या दाखल्याचा फोटो पाठव म्हणतील. कशाला, ते सांगणार नाहीत. तू पाठवू नकोस. रागावले तर माझं नाव सांग, म्हणावं वहिनीने बजावलंय. शेजारच्या सुंदरम्मा उद्या तुमच्या अकलूजला मुलीकडे निघाल्यात, त्यांच्या हाती हे देते, म्हणजे त्या फोनच्या आधी तुला मिळेल. सोमवारी मी पायलला घेऊन मोठ्या सिस्टरसमोर उभी राहणार. ती जागा जाईल, ती दुसऱ्या कोणत्या तरी बिनआईच्या लेकराची आहे, जाऊ दे. मुख्य यादीत कोणी गळालं तर आमचा विचार करा म्हणून पदर पसरेन, नाहीतर आहे आमची दोन खोल्यांची शाळा. सिस्टरना मी एवढंच सांगणार आहे, की पोरगी खरं बोलली. हिची आई गेली, तिचं नाव गंगम्मा. मी हिची अव्वा आहे आणि मी जिवंत आहे. हे मी अत्तींना त्या असताना म्हणायला हवं होतं. आता त्या नाहीत, म्हणून त्यांच्या लेकीला आधी सांगितलं.

तुझीच वहिनी,
पूनम
पायलची अव्वा