काकूची दोन मिनिटं

हर्नडन,
६ मार्च २०२६

प्रिय अतुलदादा,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे मजेत. बर्फ वितळलं, माझ्या शिवांगीचा खोकला गेला आणि तुझी आई माझ्या स्वयंपाकघरावर पुरतं राज्य करतेय. तुझ्या न्यूयॉर्कच्या घरून ती चौथ्याच दिवशी पुतणीकडे का आली, हे तू फोनवर कधी विचारत नाहीस. मीही सांगत नाही.

आधी तुझं काम. मंगळवारी संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत आमच्या संघटनेला जातिभेदावर बोलायला दोन मिनिटं मिळालीत. लगेच तिथल्या आपल्या सरकारी कचेरीतून तुझा फोन. "मीरा, प्लीज, नाव विड्रॉ कर. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? उद्या व्होटिंगच्या वेळी बाकीचे देश हेच आपल्या तोंडावर फेकतील यार."

फेकू देत! त्यांच्याही घरची माणसं त्याच माइकवर येऊन बोलतात, तेव्हा आपण कान टवकारून ऐकतोच की. एकमेकांना जाब विचारता यावा म्हणूनच सगळ्या देशांनी ते सभागृह उभं केलं ना? मग आपली पाळी आली की ती घरची धुणी कशी होतात? चौदा एप्रिलला वस्तीच्या स्टेजवर टाचा उंचावून माइकपर्यंत पोचायला मला तूच शिकवलंस. आता तूच म्हणतोस, खाली उतर. राग येतो दादा, फार येतो.

तरी तुझा शब्द मोडला नाही. चार दिवसांपूर्वीच माझं नाव मागे घेतलं.

आता जे लिहायचं टाळतेय, ते लिहून टाकते. माझ्या जागी दिलेलं नाव तुझ्या आईचं आहे.

ती दिल्लीची गोष्ट सांगणार आहे. तुझी परराष्ट्र खात्यातली नोकरी नवी होती. तिने हौसेने बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला आणि आठ दिवसांत घरमालकाने जागा खाली करायला सांगितली. पुढच्या घरात तू तो फोटो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलास. न्यूयॉर्कलाही तो कपाटातच निघाला, म्हणून ती तो घेऊन माझ्याकडे आली. तुझं नाव ती घेणार नाही. "माझा मुलगा" एवढंच म्हणेल.

ती मराठीतच बोलेल, इंग्रजी प्रत दुभाष्यांना दिलीय. रोज तालीम चालते. शिवांगी फोनवर वेळ लावते आणि ओरडते, "आज्जी, स्लो डाउन!" काल काकू म्हणाली, "इतकी वर्षं दमानंच घेतलं ना बाई. आता जरा घाई करू दे."

नियम तुला माहीत आहे. कुणी एखाद्या देशाविषयी बोललं की त्या देशाला उत्तर द्यायचा अधिकार असतो, आणि मंगळवारी आपल्या देशाच्या पाटीमागे तू बसणार आहेस. फाइलमध्ये उत्तर तयार असेलच. खुशाल वाच. फक्त आईकडे बघून वाच.

फोटो आमच्या जेवणाच्या टेबलासमोर लावलाय. टॉवेल तिने स्वतः धुऊन, घडी करून पिशवीत ठेवलाय. मंगळवारी तुला परत द्यायचा म्हणते.

तुझ्याच तालमीत तयार झालेली,
मीरा