सरासरीतून वगळलेल्या चार मिनिटांबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बालमेंदू जोडणी-नकाशा प्रकल्प,
जिल्हा कक्ष, बुलडाणा.

विषय : कु. नाजिश (वय ६, नोंद क्र. ३७) हिच्या मेंदू-तपासणीतील वगळलेला भाग मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज. ते आपल्याकडे सुखरूप असावेत.

महोदय,

मी, गुलनार जावेद मिर्झा, बी.एस्सी., रा. धाड, सविनय कळविते की, गेल्या भादव्यात आमच्या कपाशीवर फवारणी चालू असताना माझी मुलगी नाजिश शेताच्या धुऱ्यावर खेळत होती. तेव्हापासून ती बोलता बोलता थांबते. घास हातात, नजर भलतीकडेच. अर्ध्या मिनिटाने परत येते अन् जेवू लागते. डॉक्टरांसमोर मात्र एकदाही थांबली नाही.

२. फवारणीच्या गावांतील बासष्ट मुलांचे मेंदू आपण तपासले, आभारी आहे. मेंदूचा एखादा भाग कशाकशाशी जोडलेला आहे यावरून त्याचे काम ओळखायचे, हे आपण पालकसभेत समजावले ते मला पटले. यंत्रात हिरवा दिवा लागला की नाजिशने बोटे हलवायची होती. मधेच बोटे थांबली. काचेमागून मी ओरडले, "हेच ते!" तंत्रज्ञ हिंमतराव म्हणाले, "चूप बसा न ताई, मशीन चालू हाये." मग "मूल सहकार्य करत नाही" असा शेरा मारून त्यांनी ती चार मिनिटे बाजूला काढली.

३. अहवालानुसार सरासरी मूल निरोगी आहे. आनंद झाला. ते कोणत्या गावचे हे कळल्यास त्याच्या आईला मुबारकबाद देऊन येईन. नाजिशचे वेगळे काही मागितले तर लिपिक किसनराव म्हणाले, "तुमची पोरगी सरासरीत गेली न आता. वेगळी कशी काहाडू?"

४. आपल्याच पद्धतीने मी आपल्या कार्यालयाचा नकाशा काढला. आवक टेबल किसनरावांशी जोडलेले, किसनराव हिंमतरावांशी, हिंमतराव पुन्हा आवक टेबलाशी. आपली केबिन कशाशीच जोडलेली आढळली नाही; त्यामुळे तिचे काम ओळखता आले नाही. क्षमस्व.

५. बीटी कपाशीच्या पिशवीत साध्या बियाण्याची पुडी येते, कडेने पेरायला, अळी बीटीला सरावू नये म्हणून. आम्ही ती दरसाल फेकली. यंदा बोंडअळी आली तेव्हा कृषी सहायक माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तेच तर कामाचं होतं न बे!" आम्ही अडाणी ठरलो, मान्य. आपण तर शिकलेले आहात.

६. नांदुऱ्याला महिन्यातून एकदा येणारे मेंदूचे डॉक्टर १२ मार्चला येतील. त्यांचे म्हणणे, थांबली तेव्हाची मेंदूची नोंद आणा, मग औषध ठरवू. ती नोंद जगात एकाच ठिकाणी आहे, आपल्या टाकाऊ भागात. तरी ती चार मिनिटे तेवढी द्यावीत. बाकीची नाजिश सरासरीत ठेवून घ्यावी. शाळेसमोर एसटीचा रस्ता आहे. तिथे अर्धे मिनिट फार असते.

आपली, तूर्त नम्र,
गुलनार जावेद मिर्झा
धाड, दि. ५ मार्च २०१८

सोबत :
१) मागील तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२) मी ठेवलेली वही : तारीख, वेळ, कोणत्या शब्दावर थांबली. शेवटची नोंद, आज सकाळी ७.४० : "अम्मी, मेरी चप्पल" इथे थांबली. चप्पल पायातच होती.