सहाशे अकरा म्हणजे फर्स्ट क्लास

९ फेब्रुवारी, दुपार
धाराशिवच्या शोरूमच्या गेटात गाडी वळवतच होतो, तेवढ्यात शेजारी बसलेला सेल्समन मुजम्मिल मोबाईल बघत म्हणाला, सर, कर्जासाठीचा सिबिल स्कोअर आला. सहाशे अकरा. कितीपैकी, मी विचारलं. नऊशे.
मनात हिशेब केला. अडुसष्ट टक्के. फर्स्ट क्लास. दहावीला एवढे नव्हते.
मुजम्मिल म्हणाला, सर, इथं डिस्टिंक्शन लागतं. साडेसातशेच्या खाली बँक दारात उभं करत नाही.
टेस्ट ड्राइव्ह उत्तम. ब्रेक एकदाच चुकला.

१० फेब्रुवारी
संकल्प : महिनाअखेर गाडी. ती घेऊन नळदुर्गला जायचं, शिवकन्येला माहेरून थाटात भूमला आणायचं.
वेळ अमावस्येच्या सणाला तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं सगळ्यांना नव्या गाडीतून शेतात नेलं. आम्ही दोघं एसटीनं गेलो, उभ्यानं. पुढच्याच आठवड्यात ती माहेरी गेली. कारण उघड आहे.
जाताना वेगळंच बोलत होती. वसुलीवाले आले तवा तुमी मागच्या दारानं गेलाव, अन् मला म्होरं उभं केलाव. असं काहीतरी. रागात माणूस मूळ मुद्दा सांगत नाही.

१३ फेब्रुवारी
स्कोअर कशानं पडला ते मुजम्मिलनं शोधलं. शेजारच्या व्यंकटच्या ट्रॅक्टरला मी जामीन. त्यानं हप्ते थकवले, म्हणून वसुलीवाले माझ्या दारात, अन् थकबाकी माझ्या नावावर दिसते.
भूममध्ये मी चौघांना जामीन आहे. लोक घरी येतात, सिद्धारामअण्णा म्हणतात, हॉटेलात चहा पाजून सही घेतात. गावात पत दुसरी कशाला म्हणायची? मशीनला हे कळत नाही.
व्यंकट हल्ली पलीकडच्या गल्लीनं जातो. लाजत असेल बिचारा.

१४ फेब्रुवारी
सोलापूरला जाऊन आणखी दोन शोरूममध्ये अर्ज टाकले. कुठंतरी लागेल.
येताना गाडीचं कव्हर घेतलं. स्वस्त होतं.

१६ फेब्रुवारी
पाचशे शहाण्णव. मुजम्मिल म्हणाला, सर, एवढ्या जागी चौकशी केली की आकडा खाली येतो. म्हणजे विचारायचीही चोरी.
सहासष्ट टक्के. अजून फर्स्ट क्लासच आहे.

१७ फेब्रुवारी
मुजम्मिलनं सुचवलं, मॅडमना सहअर्जदार घ्या. त्यांचा स्कोअर बघू. त्यासाठी तिच्या मोबाईलवर ओटीपी जातो.
दीड महिन्यानं फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. बोला, म्हणाली. मी म्हणालो, ओटीपी आलाय, तेवढा सांग.
सांगितला. नंतर बराच वेळ फोन चालूच होता. तिकडून काही ऐकू आलं नाही. नळदुर्गला नेटवर्क नाही.
तिचा स्कोअर सातशे ब्याण्णव. शिलाई मशीनचं कर्ज घेतलं होतं, एकही हप्ता चुकला नाही. मला माहीत नव्हतं. मुजम्मिल म्हणाला, सर, नशीबवान आहात. मीही तेच म्हणालो.

२० फेब्रुवारी, रात्री
सहीसाठी नळदुर्गला जाऊन आलो. तुळजापूरला एसटी बदलली.
दारातच तिची बॅग भरून ठेवलेली. ती इरकल नेसून उभी. सासरे महालिंगप्पा म्हणाले, या जावईबापू, न्यायला आलाव न्हवं? मी हसून म्हणालो, आज सहीला आलोय. न्यायला एसटीनं येईन होय, गाडी घेऊन येणार.
 मग शिवकन्येनं विचारलं, अन् वसुलीवाले परत आले तर दार कोण उघडंल? मी म्हणालो, गाडी असली की दोघंही निघून जाऊ. हसली नाही.
सही केली. झोकदार करते. मग बॅग उचलून आत नेऊन ठेवली. समजूतदार आहे. आठ दिवस सहज थांबेल.
निघताना सासूबाईंनी शिदोरी दिली. दोघांची होती. तुळजापूरच्या स्टँडवर सगळी खाल्ली.

२३ फेब्रुवारी
डॅशबोर्डसाठी भवानीआईचा फोटो घेतला. मुजम्मिलला बजावलं, पुढच्या सीटचं प्लास्टिक काढू नका. ते तिच्या हातानं निघेल.
व्यंकटकडून निरोप आला. दुसरी सही हवी आहे. गाडी आली की बघू.

२६ फेब्रुवारी
धाराशिवला जाऊन आलो. फाईल परत.
बँकेतून शिवकन्येला फोन गेला होता, खात्री करायला. तुम्ही दोघं एकाच घरात राहता का? ती म्हणाली, मी माहेरी असते. सासरी कधी जाणार, विचारलं. म्हणाली, ते सहीला आले होते, न्यायला नाही.
सहअर्जदार बायको नवऱ्याच्या घरी राहत असली पाहिजे, असा त्या बँकेचा नियम. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं.
मुजम्मिल म्हणाला, सर, त्याच दिवशी मॅडमना घेऊन आला असता तर फाईल पास होती. थोड्या वेळानं म्हणाला, फाईलचं जाऊ द्या सर.
शेजारी कुणाच्या तरी गाडीपुढं नारळ फुटला. मलाही पेढा दिला. खाल्ला.
उद्या न्यायला जायचं. एसटीनंच. गाडीचं नंतर बघू.

२७ फेब्रुवारी
सकाळी नळदुर्गला पोचलो. सासऱ्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले, पाणी दिलं. गाडीचं विचारलं नाही. मी म्हणालो, न्यायला आलोय. तोवर शिवकन्या मागच्या दारानं निघून गेली होती.