जेवणानंतर एक गोळी

तीर्थस्वरूप वहिनींना,

तुमच्या सुजलेल्या दिराचा साष्टांग नमस्कार. (वाकलं की गाल ठणकतो, म्हणून तो खुर्चीत बसूनच घालतो आहे; कागदावर फरक कळत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? घरातली बाकीची मंडळी (म्हणजे एकच माणूस, पण मी नाव घेत नाही) बरी असतील अशी आशा आहे.

पत्रास कारण असं की, सोमवारी माझी अक्कलदाढ काढली. सत्तेचाळिसाव्या वर्षी उगवली, तीही आडवी. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही कधी सरळ येणारच नव्हती. माझ्याबद्दलही आपल्या घरात हेच बोललं जायचं, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण तोंडात तीन अवजारं होती. पाऊण तास खटपट करून त्यांनी ती बाहेर काढली आणि वाटीत ठेवून मला दाखवली. एवढ्याशा वस्तूने इतका छळ मांडला होता हे बघून मला तिचं कौतुकच वाटलं. ऑफिसातून मात्र दिवसभर एकच निरोप येत राहिला : होती नव्हती ती अक्कलही गेली.

आता खरी हकिगत. बाईंनी सूज उतरायची गोळी लिहून दिली आणि चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘जेवणानंतर एक गोळी, दिवसातून तीनदा’. वहिनी, मी पंचवीस वर्षं मुद्रितं तपासतोय. छापलेल्या शब्दाचा जो अर्थ आहे तोच मी घेतो, त्याच्या शेजारचा घेत नाही. मला चावता येत नव्हतं. मी थंड दूध पीत होतो, गार केलेलं सूप पीत होतो. आणि पितात ते जेवण नव्हे, क्रियापदच वेगळं! जेवणच नाही म्हटल्यावर जेवणानंतर कुठून येणार? तेव्हा दोन दिवस मी एकही गोळी घेतली नाही. बुधवारपर्यंत डावा गाल असा फुगला की आरशात मला कोणीतरी सुखवस्तू माणूस भेटायला आल्यासारखं वाटलं. (उजवीकडून मात्र मी होतो तसाच आहे.) जबडा इतका आखडला की चमचा आडवा जाईना.

आणि नेमका त्याच बुधवारी संध्याकाळी तो आला. दाढेचं त्याला तुमच्याकडूनच कळलं असणार, सोमवारी तुम्हाला तेवढा निरोप धाडला होता. चौदा महिन्यांनी माझ्या दारात दादा! लिफ्ट दुरुस्तीचा तो निळा डगला अंगात, हाताला ग्रीस, आणि हातात गोठलेल्या मटारची पिशवी. माझ्याकडे न बघता माझ्या गालाकडे बघत म्हणाला, “दहा मिनिटं लाव, दहा मिनिटं काढ. फडक्यात गुंडाळून.” मग उभा राहिला. मी काहीतरी बोलेन म्हणून उभा होता हो. माझ्या तोंडून फक्त “ऊं” निघालं. तो “बरं, येतो” म्हणाला आणि चार मजले पायी उतरून गेला. लिफ्ट चालू होती.

त्याला वाटलं असणार की मी अबोला धरलाय. आता तुम्हीच सांगा, ज्याचा जबडाच उघडत नाही त्याने अबोला सोडायचा तरी कसा? आई गेली तेव्हाचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्याने रात्रभर बसून पेपरात द्यायला तिच्यासाठी चार ओळींचं निवेदन लिहिलं आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर लाल पेनाने त्यातल्या पाच चुका दाखवल्या. “तुला अक्कल कधी येणार?” एवढंच तो म्हणाला होता. मी म्हटलं, निदान ऱ्हस्व-दीर्घाची तरी आहे. तेव्हापासून आम्ही दोघं गप्प. वहिनी, आई गेली होती आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं. चुका काढता येतात, म्हणून काढल्या.

गुरुवारी मी बाईंना फोन करून माझी व्याकरणाची अडचण घशातल्या घशात मांडली. आधी त्या बराच वेळ हसल्या, मग रागावल्या. गोळी रिकाम्या पोटी नको एवढाच त्याचा अर्थ, दूध-सूप पोटात गेलं की ते जेवणच, असा निकाल मिळाला. तेव्हापासून वेळेवर घेतोय. सूज ओसरली, दोन बोटं आत जातात, केळं कुस्करून खातो.

पत्र लांबलं. गुडघ्याला जपा. लहानग्या दिराला मनात ठेवा.

तुमचा,
(लहानपणी तुम्ही ठेवलेल्या नावाने) काना

ता. क. हे पत्र त्याला वाचून दाखवा. निदान जबड्याचा मजकूर तरी, जरा मोठ्याने.

आणखी एक ता. क. नका दाखवू. तो मजकूर खोटा आहे. त्याच बुधवारी दुपारी चुकीचं पार्सल घेऊन आलेल्या माणसाशी मी पाच मिनिटं भांडलो होतो, ह्याच जबड्याने. दुखलं खूप, पण शब्द आले. दादा समोर उभा राहिला तेव्हा “आत ये” एवढंही मला म्हणता आलं नाही, आणि त्याला कुठलीही सूज कारण नव्हती. रडू येईल ह्याची भीती होती. रविवारी सकाळी दहाला येतो. तुम्ही घरातच असा, पण बेल वाजली तर तुमचा गुडघा दुखत असू दे. दार त्यालाच उघडू द्या.