आईचा बिनसाखरेचा चहा

बाळापूर, मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी आईची राख सावडली. आपल्याकडे त्या वेळी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी तिथं ठेवतात. दादानं चहा ठेवला. दुधाचा, चांगला गोड. कसा काय विसरला हा? आई जन्मभर कोरा चहा प्यायली, बिनसाखरेचा.

दिवाळीनंतर ती माझ्याकडे अमरावतीला आली, तेव्हा राजापेठेतल्या दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, एकाही दाताला कीड नाही!" साखर नसलेला चहा दातांना चांगलाच, म्हणे. त्यातलं फ्लोराइड दात टणक ठेवतं. आई सगळे दात दाखवत हसली. "आइकलं? मले येडी म्हनून राह्यले होते तुमी!"

ते हसणं डोळ्यांपुढून हलतच नाही. सगळे दात दाखवत.

मी तो कप उचलला आणि बाजूला ओतून दिला. "तिले साखर नको देऊ, दादा. दात किडतीन तिचे."

दादानं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा कुठं मला समोरची राख दिसली.