समजून घेण्याचा आठवडा

क्लॉनबेग, आयर्लंड
९ फेब्रुवारी १९९३

ती. विनीआत्यास,
नेलचा सा. न. वि. वि.

आजीला पोचवून आलो. तुला बोट मिळाली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अशा खवळलेल्या समुद्रात निघाली असतीस तर तिनंच वरून तुला झापलं असतं. तिच्या सांगण्याप्रमाणे बाबांनी तिची राहती गाडी जाळली. आधी चिनी मातीची सगळी भांडी फोडली, मग शाली, गादी, फोटो सगळं आत टाकलं. आता आई मोकळी झाली, असं म्हणून ते पहिल्यांदा रडले.

बाबा मला ईस्टरला शाळेतून काढणार होते. पण नेलला जूनची शेवटची परीक्षा देऊ द्यायची, असा शब्द आजीनं जाताना त्यांच्याकडून घेतला. आपल्या इथल्या फिरस्त्यांत शाळा पुरी करणारी मी पहिली असेन.

पुढच्या महिन्यात शाळेत 'समजून घेण्याचा आठवडा' आहे. हॅनरॅटी बाईंनी प्रत्येकाला अन्यायावर मनातलं लिहायला सांगितलंय, त्यावर गुणही आहेत. साहजिकच सगळ्यांनी मला धरलंय. मागच्या वर्षापर्यंत मला आपल्या जुन्या धंद्यावरून कल्हईवाली म्हणून चिडवणारी ऑर्ला टिअर्नी आता माझा हात हातात घेऊन विचारते, की गाडी गावातल्या कुणी पेटवली. आम्हीच पेटवली, आमची रीतच आहे, असं मी सांगितलं. तर म्हणाली, घाबरू नकोस, आम्हाला खरं सांगितलंस तरी चालेल.

काकांच्या पायाचं प्लास्टर निघालं का, कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
नेल

कॉव्हेंट्री
१७ फेब्रुवारी

चि. नेल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, पण मी कुठे अडखळले ते बरोबर सांगतात. प्लास्टर निघालं, तक्रारी तेवढ्या राहिल्या.

खरं सांगू का, आईची ती चिनी मातीची निळी किटली माझ्यासाठी ठेवायला हवी होती, असं क्षणभर वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. आपलं काही मागे राहिलं की गेलेलं माणूस त्यासाठी घुटमळत राहतं, हे तिनंच मला शिकवलं. किटलीचा एक कानही शिल्लक राहायला नको.

ऑर्लाला पुन्हा एकदा शांतपणे सांग. चांगुलपणा अंगात आला की माणसांना जरा कमी ऐकू येतं. भांडू मात्र नकोस, जूनपर्यंत तोंडाला कुलूप.

विसरू नये, एवढंच मागणं.

तुझी आत्या,
विनी

क्लॉनबेग
९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कुलूप राहिलं नाही. ऑर्लाला आपली रीत पुन्हा एकदा शांतपणे सांगून पाहिली, उपयोग झाला नाही.

आजीला महिना होत आला म्हणून आम्ही सगळे प्रार्थनेला चर्चमध्ये गेलो होतो. तेवढ्यात ऑर्ला आणि वर्गातली पाचसहा मुलं आमच्या तळावर आली आणि त्यांनी ती राख चाळली. आम्हाला चकित करायचं होतं म्हणे. शुक्रवारी सभागृहात आईबाप, पेपरवाला, सगळे जमले होते. मुलांनी आपापलं लिखाण वाचलं. फिरस्तेही आपल्यासारखीच माणसं असतात हे मला उमगलं, असं एकानं वाचलं आणि टाळ्या पडल्या. मग ऑर्लानं मला वर बोलावून एक खोकं दिलं. आत निळी किटली होती, तुकडा तुकडा जोडून चिकटवलेली. द्वेषानं जे मोडलं ते आम्ही प्रेमानं जोडलं, असं ती म्हणाली.

आजीला कुणी दारातून हात धरून मागे ओढून आणल्यासारखं वाटलं. मी किटली उचलली आणि फरशीवर आपटली. आत्या, मला राग आला नव्हता. तिला सोडवायचं होतं, बस.

ऑर्ला रडायला लागली. सगळे तिच्याभोवती जमले. मागून कुणीतरी म्हणालं, कल्हईवाले ते कल्हईवालेच. आता मुख्याध्यापक म्हणतात की ऑर्लाची लेखी माफी मागितल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही. बाबा आजीच्या अंत्यविधीचा कोट घालून त्यांना भेटायला गेले होते, त्यांना दारातच उभं ठेवलं. परत आले ते म्हणाले की मी आईला दिलेला शब्द पाळतोय, माफीचं तुझं तू ठरव.

काय करू ते लवकर लिही. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
नेल

कॉव्हेंट्री
१५ मार्च

चि. नेल हिस अनेक आशीर्वाद.

किटली फोडलीस ते योग्य केलंस. मीही तेच केलं असतं.

पण माफी लिही. तू घरी बसलीस तर ते चार दिवस हळहळतील, मग म्हणतील, यांच्यासाठी कितीही करा. नुकसान तुझं, त्यांचं काही जात नाही. त्यांना हवं तेच लिही, की माझं चुकलं, तुमचं मन मी ओळखलं नाही. आपली रीत त्यात आणू नकोस, ती त्यांना दोनदा सांगून झाली आहे.

पोरीला खोटं लिहायला सांगतेय. आई असती तर तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे, मला काही तिच्याएवढी हिंमत नाही. जेवत जा आणि आत्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
विनीआत्या

क्लॉनबेग
२ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

लिहिली. तू सांगितलंस तशीच. जूनला परीक्षेला बसते आहे, बाबांनी पेन आणलंय.

ऑर्लानं वर्गासमोर मला मिठी मारून माफ केलं. हॅनरॅटी बाईंना माझं पत्र फार आवडलं. त्यांनी ते सर्वांना वाचून दाखवलं आणि मुलांच्या लिखाणाबरोबर भिंतीवर लावलं. माझं अन्यायावरचं लिखाण द्यायचं राहिलं होतं, म्हणून त्याऐवजी हेच धरलं.

वर्गात पहिल्यांदाच मला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. खाली बाईंनी लाल शाईत लिहिलंय, की दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायला तू शिकलीस.

तुझीच,
नेल